एमएच-०९ ची केए-२२ झाली, एमिशनचं (म्हणजे पीयूसीचं) काय? खानापूर रोडवरच्या एका सेंटरचा अनुभव

माझी वॅगनआर इम्पोर्टेड आहे. म्हणजे कोल्हापूरहून बेळगावला आणलेली. दूधगंगा ओलांडून कर्नाटकात कोगनोळीला आली की गाडी परदेशीच होते, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

२०१८ चं मॉडेल, पेट्रोल, बीएस-४ (धुराच्या नियमांचा टप्पा). मेहुण्याकडून घेतली, त्यामुळे जुने सगळे कागद फाइलला लावूनच मिळाले. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथं ठेवायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे इथलं पासिंग करावंच लागतं. एनओसी, लाइफ टॅक्स, एजंटाच्या खेपा हे सगळं सांगत बसत नाही. लाइफ टॅक्सची पावती बघून बायको दोन दिवस बोलली नव्हती, एवढंच सांगतो.

खरी गंमत केए-२२ हा बेळगावचा नंबर हातात आल्यावर. जुन्या पीयूसीची मुदत अजून पाच महिने होती, म्हणून निवांत होतो. सहज ऑनलाइन नवा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून बघितलं, तर पीयूसीची नोंदच नाही. गाडी तीच, इंजिन तेच, पण नव्या नंबराच्या नावावर एकही टेस्ट नाही.

आधी घराजवळच्या एका सेंटरवर गेलो. नाव घेत नाही. तिथला माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "फोटो मारून देतो, नळी कशाला घालायची?" म्हणाला. आलो परत.

मग मित्रानं खानापूर रोडवरचं हे सेंटर सांगितलं. पेट्रोल पंपाला लागून पत्र्याची टपरी. आमच्याकडं पीयूसी कुणी म्हणत नाही, एमिशनच म्हणतात. बोर्ड कानडीत, 'वायु मालिन्य तपासणा केंद्र'. लिपी सोडली तर शब्द आपल्याच घरातले वाटतात. आत एक तिशीचा पोरगा, कानडी-मराठी दोन्ही सफाईनं बोलणारा. प्रिंटर कुंद्याच्या (बेळगावची मिठाई) रिकाम्या खोक्यावर ठेवलेला.

पहिल्या दिवशी त्यानं टेस्ट घेतलीच नाही. नव्या नंबराची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) पाटी बसलेली नव्हती. "काका, फोटोत पाटी येतीय. आरसीवर केए आणि फोटोत एमएच, असला कागद मी देत नाही." राग आला, पण त्याचं बरोबर होतं. पाटी बसवून पुढच्या आठवड्यात गेलो. तेव्हा त्यानं बॉनेट उघडून, मोबाइलचा टॉर्च लावून चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून बघितला. आजवर कुठल्याच सेंटरवर हे केलेलं मी पाहिलं नव्हतं.

सायलेन्सरमध्ये नळी घातली, तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३८. बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगवर, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मर्यादा ०.३ टक्के, म्हणजे नापास! माझा चेहरा बघून म्हणाला, "गाडी गार हाय काका. उद्यमबागपर्यंत एक फेरी मारून या की." कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर साफ करत नाही, हे त्यानंच समजावलं. फेरी मारून आलो, ०.१४. मग एक्सिलरेटर दाबून अडीच हजार आरपीएमला धरायला लावलं आणि तिथलं रीडिंगही घेतलं. पास.

मी उठणार तेवढ्यात त्यानं फाइल मागितली. मेहुण्याचे तीन जुने कागद काउंटरवर ओळीनं मांडले आणि आयडलिंगच्या सीओवर बोट ठेवत गेला. ०.०३, ०.०५, ०.०९. शेवटी आजचा, ०.१४. "पास हाय, पण दर वर्षी चढत निघालंय बघा. एअर फिल्टर बघून घ्या." ऑनलाइन बघणाऱ्याला आता फक्त हा शेवटचा आकडा दिसणार. आधीचे तीन एमएच नंबरावरच राहिले. सेकंडहँड गाडी घेणारे नव्या नंबरावर शोधतात, कोरं पान बघतात आणि गाडीनं कधी टेस्टच दिली नाही असं समजतात. उद्या मला गाडी विकायची झाली तर हे तीन कागदच कामाला येणार. प्रत्येक कागदाच्या मागं नवा नंबर आणि पूर्ण चेसिस नंबर त्यानं मला तिथंच लिहायला लावला.

फिल्टर काढला तर उदबत्तीच्या राखेसारखी धूळ, झटकली की अंगणभर. बदलला.

तक्रारी आहेतच. गाडीला सावली नाही, बसायला एकच स्टूल, त्यावर त्याचा डबा. दुपारी एक ते तीन बंद, आणि तशी पाटी कुठंच नाही. सुट्टे पैसे घेऊन जा. पैसे मात्र बोर्डावर लिहिलेत तेवढेच घेतले, पावती न मागता दिली. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या स्टुलासाठी कापला.

इन्शुरन्सवरचा नंबर वेगळा बदलून घ्यावा लागला, तो अनुभव नंतर कधीतरी लिहीन. परवा मेहुणा आला होता. फाइलच्या पहिल्या पानावर दोन्ही नंबर एकाखाली एक लिहिलेले बघून म्हणाला, "दाजी, गाडीचं लग्नच लावलंसा की. नाव बदललं, गावबी बदललं."