बेनिडॉर्मचे दोन टॉवर: बांधकाम चालू असताना घर घ्यावं की तयार?

स्पेनच्या कोस्टा ब्लांकावरच्या बेनिडॉर्ममध्ये दोन उंच इमारती अशा आहेत, की दोन्हींना पूर्ण व्हायला चौदा-चौदा वर्षं लागली. ग्रान होटेल बाली १९८८ ते २००२, इन्टेम्पो २००७ ते २०२१. पहिलीबद्दल कुणी ओरड केली नाही. दुसरीची जगभर थट्टा झाली. युरोपात स्थायिक झालेली मराठी मंडळी या किनाऱ्यावर सेकंड होम शोधत असतील, तर त्यांनी या दोन उशिरांमधला फरक आधी समजून घ्यावा.

बाली हे १८६ मीटर उंचीचं हॉटेल. मालकांनी बँकेचं कर्ज टाळलं आणि हाती पैसा येईल तसतसे मजले चढवले. काम रेंगाळलं, पण कुणाचं बुकिंग अडकलं नव्हतं. उशीर त्यांचा, पैसाही त्यांचाच.

इन्टेम्पो हा ४७ मजली निवासी टॉवर. दोन उंच पाय आणि वरच्या मजल्यांवर त्यांना जोडणारा उलटा शंकू. २००९ मध्ये ताबा द्यायचं ठरलं होतं. पैसा मात्र मुख्यतः काइशा गॅलिसिया या बचत बँकेच्या सुमारे ९.३ कोटी युरोंच्या कर्जाचा. २००८ मध्ये स्पेनमधला घरांचा फुगा फुटला. पुढे ती बँकच सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि हे कर्ज बुडीत कर्जं गोळा करणाऱ्या सारेब या संस्थेकडे गेलं. मध्ये २०११ मध्ये बांधकामाची लिफ्ट कोसळून १३ कामगार जखमी झाले. २०१४ मध्ये बिल्डर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. २०१८ मध्ये एका अमेरिकी फंडाने मालकी मिळवली, तेव्हा कुठे काम पुन्हा हललं. (आर्किटेक्ट लिफ्टच विसरले, ही २०१३ ची व्हायरल बातमी निव्वळ बाता होत्या.)

काँक्रीटमुळे हा टॉवर अडला नाही, कर्जामुळे अडला. म्हणून ब्रोशरमधला स्विमिंग पूल बघण्याआधी बिल्डरच्या डोक्यावर कुणाचं कर्ज आहे ते बघा. मालमत्ता नोंदणी कार्यालयातून ‘नोटा सिम्प्ले’ नावाचा उतारा थोडक्या फीमध्ये मिळतो. जागेवर कुणाचं गहाण आहे ते त्यात कळतं.

चालू बांधकामात घेण्याचा फायदा उघड आहे: हप्त्यांनी पैसे आणि हवा तो मजला, समुद्राची बाजू. संरक्षणही कागदावर चांगलं आहे. १९६८ पासूनच्या कायद्याने ग्राहकांच्या आगाऊ रकमेला बँकेची हमी किंवा विमा सक्तीचा केला. बिल्डर तो घेत नसत, म्हणून २०१५ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे पैसे खात्यात स्वीकारणाऱ्या बँकांनाच जबाबदार धरलं. पण २०१६ पासूनच्या नियमांत दोन खाचा आहेत. हमी बांधकाम परवाना मिळाल्यापासून लागू होते, त्याआधी दिलेली बुकिंगची रक्कम उघडी राहते. आणि ताब्याची मुदत हुकल्यावर दोन वर्षांत रीतसर मागणी केली नाही, तर हमीच संपते. आपल्या रेरा या गृहबांधणी कायद्यातली ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची सवय डोक्यात असेल, तर तिथे तेवढ्यावर विसंबू नका. तुमच्या नावाचं हमीपत्र हातात मागा.

तयार घरात हे काहीच उरत नाही. खिडकीतून खरोखर समुद्र दिसतो की शेजारचा टॉवर, हे उभं राहून बघता येतं. राहण्याचा परवाना, म्हणजे आपल्या ओसीसारखा (भोगवटा प्रमाणपत्रासारखा) कागद, वकिलाला दाखवता येतो. फक्त करात सूट मिळेल असं समजू नका. आपल्याकडे ओसी आल्यावर जीएसटी लागत नाही, तिथे बिल्डरकडून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या तयार घरालाही १० टक्के व्हॅट आहेच.

मला विचाराल तर सुट्टीसाठीचं घर तयारच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. चालू बांधकामात उतरायचंच असेल तर हमीपत्र नसताना पहिला हप्तासुद्धा नको, मग सवलत कितीही गोड असो.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांना एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे हप्त्यांचा हिशेब आर्थिक वर्षाप्रमाणे मांडावा लागतो. पाच लाख युरोंचं घर घेतलं की रहिवासाचा व्हिसा, ही स्कीम एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. एजंट अजून ती सांगत असेल, तर दुसरा एजंट बघा.