घरी येऊन ब्रेक बदलून देतो म्हणाले आणि ११,७४० रुपये घेऊन गेले

११,७४० रुपये. पाच हजार आधी, सहा हजार सातशे चाळीस काम झाल्यावर, दोन्ही यूपीआयने. एवढे मोजून आमच्या पिकअपच्या मागच्या ब्रेकला एक नवीन वस्तू लागली नाही. भांडुप, मुलुंड, विक्रोळीकडे कुणी घरपोच मेकॅनिक बोलवायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. ही माणसं अजून फिरतायत, आणि लोकांच्या ब्रेकशी खेळतायत.

आमचं केटरिंग आहे. बोलेरो पिकअप माझ्या नावावर, चालवतात माझे धाकटे दीर. गणपतीच्या तोंडावर मागून घासल्याचा आवाज यायला लागला, पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गाड्यांची रांग होती, चार दिवसांनी आणा म्हणाला. चार दिवस गाडी उभी ठेवून ऑर्डरी डोक्यावरून पोचवायच्या होत्या का? म्हणून नेटवर शोधून नंबर लावला. भरपूर चांगले अभिप्राय, साडेचारशे रुपये व्हिजिट, मराठीत नीट बोलणारा माणूस. यात संशय घ्यावा असं काय होतं, तुम्हीच सांगा.

दोघं स्कूटरवर आले. गल्लीतच पुढच्या चाकाला अर्धी वीट लावली, मागचं उजवं चाक जॅकवर घेतलं. भाऊजी दुसऱ्या टेम्पोवर गेले होते, मी एकटीच. "ताई, तुम्ही आत बसा, हात काळे होतील," असं त्यांच्यातला एक दोनदा म्हणाला. या वाक्याला उठून उभं राहा. काम करणाऱ्याला तुम्ही तिथे नको असाल तर खुर्ची टाकून तिथेच बसा. मी आत गेले कारण गॅसवर रस्सा होता आणि दोनशे ताटांचं गिऱ्हाईक फोनवर होतं. दहा मिनिटांत हाक आली. "ताई, बघा, चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळतोय. अशी गाडी रस्त्यावर काढली तर कुणाचा तरी जीव जाईल." चाकाच्या आतल्या पत्र्यावर खरंच ओलं चकचकीत तेल होतं. सामान आणायला पाच हजार टाका म्हणाला. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाच्या जागी कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे वहिनीचं खातं आहे. बिलावर एक नाव आणि खात्यावर दुसरं असेल तर पैसे टाकू नका, वहिनी असो की काकू.

आता तो क्षण, ज्याच्यामुळे मला अजून झोप लागत नाही. मदतनीस डबा घेऊन आला, त्याने तो माझ्यासमोर उघडला आणि आतले पॅड काढून माझ्या हातात दिले. सपाट लोखंडी पट्टी, तिच्यावर काळा मसाला चिकटवलेला, तळव्याएवढी. आणि माझ्या पायाशी चाकातून काढलेला ड्रम पडला होता, पालथ्या पातेल्यासारखा गोल, खोल, आतून गुळगुळीत झालेला. सपाट वस्तू माझ्या हातात, गोल वस्तू माझ्या पायाशी, एका नजरेत दोन्ही. आमच्या गाडीला पुढे डिस्क आहे आणि मागे ड्रम. डिस्कला पॅड दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात. ड्रमच्या आत अर्धचंद्रासारखे वाकलेले दोन शू असतात, ते बाहेरच्या बाजूला फाकून ड्रमला आतून घासतात. माझ्या हातातला तो तुकडा त्या चाकात कुठे बसूच शकत नव्हता. नुसता ड्रमच्या कडेला लावून बघितला असता तरी कळलं असतं.

पण मला हे माहीत असायलाच हवं होतं का? मी तीनशे माणसांचा मसालेभात अंदाजाने करते, एक शीत कमी पडत नाही. माझं काम मला येतं. ब्रेकचं काम येणाऱ्याला मी पैसे देऊन बोलावलं होतं. गिऱ्हाइकाने आधी मेकॅनिकचं शिक्षण घ्यावं आणि मग मेकॅनिक बोलवावा, असं आहे का? "ताईंचं लक्ष नव्हतं" असं म्हणणारे नातेवाईक पुष्कळ भेटले. लक्ष त्याच्या हातचलाखीवर ठेवायचं की घर चालवायचं?

बिल जसंच्या तसं देते. मागचे डिस्क पॅड सेट ४,८५०. व्हील सिलिंडर दोन नग २,९६०. ड्रम टर्निंग १,२००. ब्रेक ऑइल ७८०. मजुरी १,५००. व्हिजिट ४५०. त्यातलं ड्रम टर्निंग बघा. ड्रम लेथ मशीनवर लावून आतून कापावा लागतो, आणि लेथ स्कूटरवर येत नाही. आमचा ड्रम तर गल्लीतून हललाच नव्हता. जुनं सामान मागितलं तर "भंगारात जातं, आम्हीच टाकतो" म्हणून पिशवीत भरलं. पिशवीत काय होतं देव जाणे. जुने भाग तुमचे असतात, काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा की मला परत हवेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ब्रेकचं काम करून ट्रायल न घेता निघून गेले. पाऊस येतोय म्हणे.

तिसऱ्या दिवशी भाऊजी भाताची भांडी भरून निघाले आणि फ्लायओव्हरच्या उतारावर पेडल स्पंजसारखं दबत खाली गेलं. पुढे रिक्षा होती. भाऊजींनी पेडल मारत मारत, गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. त्या रिक्षात शाळेची मुलं होती. हे लिहितानाही माझे हात थरथरतायत.

भाड्याचा टेम्पो करून माल पोचवला, २,८०० रुपये. गाडी टो करून नेहमीच्या गॅरेजवर नेली. त्याने उजवं चाक खोललं. आत आमचेच जुने शू, वरून पॉलिश पेपरने घासून चमकवलेले. सिलिंडर जुनाच, त्याच्या रबरावरची माती कोरडी, म्हणजे गळती कधी नव्हतीच. डाव्या चाकाच्या नटांवर गंज तसाच, ते चाक उघडलंच नव्हतं आणि बिलात सिलिंडर दोन. ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढायचा निप्पल मात्र सैल सोडलेला, तिथून लाइनमध्ये हवा शिरली आणि पेडल गेलं. मग त्याने पत्र्यावर उरलेलं ते तेल बोटावर घेतलं, बोट नळाखाली धरलं आणि मला दाखवलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं, तेल बोटावर तसंच. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, धुवून जातं. हे साधं इंजिन ऑइल होतं, त्यांनीच टाकलेलं. दुसरी खूण त्याने सांगितली. सिलिंडर गळत असेल तर बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरलेली असणारच. कुणी गळती दाखवली की आधी बॉनेट उघडायला लावा, डबीवरच्या दोन रेषा बघा. दोन्ही चाकांना नवीन शू, हवा काढून, ट्रायल घेऊन त्याने ३,१५० घेतले. टो करण्याचे १,६०० वेगळे.

आता पोलीस. चौकीत गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, मालक कुठायत?" गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, तक्रार माझी, आणि मालक कुठायत! मग म्हणाले, हा तुमच्यातला पैशांचा वाद आहे, दिवाणी. मी म्हटलं, न लावलेल्या वस्तूचे पैसे घेतले, तेल ओतून खोटी गळती दाखवली, ही फसवणूक नाही तर काय? मग बिलावरचा पत्ता वाचला आणि म्हणाले आमची हद्द नाही. त्या पत्त्यावर मी आधीच जाऊन आले होते, तिथे पानाची टपरी आहे. दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, तिथून सायबरवाल्यांकडे, कारण यूपीआय. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी चोरले नाहीत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने गाडीच्या पिवळ्या पाटीचा फोटो बघितला आणि कागद परत सरकवला, "कमर्शियल गाडी, तुम्ही ग्राहक होत नाही."

हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तूला व्यापारी हेतू धरायचा नाही. हद्दीचंही तेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असली तरी घ्यायची. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. हे मला वकिलाने सांगितलं, त्याचे वेगळे पैसे देऊन. ज्यांना सरकार यासाठी पगार देतं त्यांना हे माहीत नाही, की माहीत असून कागद लिहायचा कंटाळा आहे? रिक्षातल्या एखाद्या पोराला काही झालं असतं तर गुन्हा मात्र तासाभरात नोंदला असता, भाऊजींच्या नावावर.

शेवटी ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, घरबसल्या होतं. बिल, यूपीआयचे स्क्रीनशॉट, गॅरेजवाल्याचं लेखी, चाकाचे फोटो जोडले. हे फोटो चाक खोलल्यावर आम्ही काढले म्हणून हातात काही तरी आहे. तुम्ही काम सुरू व्हायच्या आधी काढा, दोन्ही चाकांचे, नटांसकट. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद करून नंबर घ्या.

परवा जाऊबाईंच्या फोनवरून तोच नंबर लावून बघितला. उचलला. आवाज तोच, दुकानाचं नाव दुसरं. मागच्या ब्रेकचं विचारलं तर म्हणाला, "येतो की ताई, आजच येतो. चारशे पन्नास व्हिजिट." एक उंच, डाव्या हाताला कडं, दुसरा विशीतला मुलगा, काळी स्कूटर, मागे निळी टूलबॅग. दारात आले तर आत घेऊ नका, स्कूटरच्या नंबरचा फोटो काढा, चौकीत द्या आणि मलाही पाठवा. माझ्या अर्जाला तो नंबर जोडायचाय.