ढोरांच्या दवाखान्यात आमचा भुऱ्या

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून चौदा किलोमीटर आत आमची पिठाची गिरणी आहे. आमचा कुत्रा भुऱ्या नऊ वर्षांचा, गिरणीच्या दारातच असतो. दिवाळीनंतर त्याच्या अंगावर दोन गाठी हाताला लागल्या. एक छातीच्या बाजूला, मऊ, बोटाखाली सरकणारी. दुसरी मागच्या मांडीवर, लिंबाएवढी, केस गेलेली.

दळणाला आलेल्या बायांनी निदान करून टाकलं, "कुत्र्यालेबी लंपी लागला वाट्टे." 2022 साली लंपीनं ढोरांचे हाल पाहिले असल्यानं मीही घाबरले. लंपी गाई-म्हशींचा, कुत्र्याला होत नाही, हे नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, "बिब्बा लाव वं, जयून जाईन." लावला. कातडी भाजली, भुऱ्या तीन दिवस माझ्या हाताला आला नाही. गाठ मात्र खरंच बसली! सासूबाई खूश. आठवड्यानं पुन्हा तेवढीच.

मग शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टेबलापलीकडून पाहिलं, "गरमीच्या गाठी" म्हणाले. दोन इंजेक्शनं, एक टॉनिक, नऊशे रुपये. हात काही लावला नाही.

आमच्या गावात ढोरांचा सरकारी श्रेणी-2 चा, म्हणजे डॉक्टर नसलेला दवाखाना आहे. तिथले पशुधन पर्यवेक्षक भाऊच म्हणाले, ताई, गाठीसाठी तालुक्याला श्रेणी-1 मध्ये न्या, तिथं डॉक्टर बसतात.

तिथल्या मॅडमनी आधी खाली बसून भुऱ्याचं सगळं अंग चाचपलं. मग दोन्ही गाठींत वेगवेगळी बारीक सुई टोचली, सिरिंज ओढली आणि आतलं काचेवर उडवलं. छातीच्या गाठीचा थेंब काचेवर तुपासारखा चमकत होता. चरबीची गाठ, राहू द्या म्हणाल्या. मांडीच्या गाठीपाशी त्यांनी विचारलं, "ही कधी फुगते, कधी उतरते का?" मी चाटच पडले. काच रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मास्ट सेलची गाठ, म्हणजे कातडीतल्या एका पेशीचा कॅन्सर वाटतो म्हणाल्या. तिला दाबलं, चोळलं की आतून हिस्टामिन नावाचं सूज आणणारं द्रव्य सुटतं, म्हणून ती फुगते, मग ओसरते. म्हणजे सासूबाईंचा बिब्बा पावला नव्हता, गाठीचा स्वभावच तो.

आठ दिवसांनी ऑपरेशन. आदल्या रात्रीपासून उपाशी, आधी हिस्टामिनला आवरणारं एव्हिलचं इंजेक्शन, मग भूल. बाहेर आणला तेव्हा मी भांडायलाच उठले, लिंबाएवढ्या गाठीला वीतभर टाके काहून? मॅडमनी शांतपणे सांगितलं की या गाठीची मुळं आजूबाजूला पसरलेली असू शकतात, म्हणून भोवतीची चांगली कातडीही दोन-तीन सेंटिमीटर घ्यावी लागते. गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून दिली. भाचा नागपूरला शिकतो, त्यानं ती सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवली. रिपोर्ट आला: मास्ट सेलच, पण कडा स्वच्छ, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग दिसला नाही. आता महिन्यातून एकदा सगळं अंग आणि जांघेतल्या गाठी चाचपायच्या, नवीन काही लागलं की लगेच यायचं.

तक्रारीही आहेत. तीन तास रांगेत बसलो. पुढे बैल, मागे बकऱ्या, भुऱ्या भुंकून बेजार आणि बैलवाले माझ्यावर तणतणत होते. दुखण्याची गोळी आत नव्हती, बाहेरून घ्यावी लागली. घरची ब्रुफेन अजिबात देऊ नका हे मात्र दोनदा बजावलं, कुत्र्याच्या पोटात त्यानं जखमा होतात. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायची कॉलरही नव्हती. आमच्या यांनी रंगाच्या बादलीचं बूड कापून घातली. बारा दिवस भुऱ्या बादलीसकट दारांना धडकत होता, गिऱ्हाइकांची करमणूक झाली.

तरी तालुक्याच्या या दवाखान्याला पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो रांगेसाठी. छातीची गाठही काढून टाका असं मीच म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, त्रास नाही तर नवव्या वर्षी भूल कशाला वाढवायची?

जाणार असाल तर कुत्र्याचं तोंड बांधायला जुना दुपट्टा घेऊन जा, तिथं जाळी मिळत नाही. आणि सोमवारी जाऊ नका, आमच्याकडे त्या दिवशी बैलबाजार असतो.