मोनार्कसाठी कोणतं मिल्कवीड लावावं: उष्ण प्रदेशातलं की स्थानिक?

मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. म्हणून अमेरिकेत हौशी लोक ते बागेत लावतात. मिल्कवीड म्हणजे रुईची भावकी, चीकही तसाच.

नर्सरीत सहज मिळतं ते लाल-पिवळ्या फुलांचं, उष्ण प्रदेशातलं मिल्कवीड. आपण त्याला हळदीकुंकू म्हणतो. भराभर वाढतं, वर्षभर फुलतं. गोम तिथेच आहे. टेक्सास, फ्लोरिडासारख्या उबदार भागात ते हिवाळ्यातही हिरवं राहतं. मग काही मोनार्क हिवाळा काढायला मेक्सिकोतल्या ओयामेलच्या (एक सूचिपर्णी झाड) जंगलांकडे जायचं सोडून तिथेच अंडी घालत राहतात. शिवाय ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू पानांवर साचतात, अळ्या ते खातात आणि पुढे चुरगळलेल्या पंखांची फुलपाखरं निघतात.

स्थानिक मिल्कवीड मात्र हट्टी. बऱ्याच जातींचं बी थंडीत राहिल्याशिवाय नीट रुजत नाही, फुलायलाही वेळ लावतं. पण थंडीत जमिनीवरचा भाग मरतो, पानांवरचे बीजाणूही जातात. माझं मत स्थानिकालाच. हळदीकुंकू आधीच लावलं असेल, तर शरद ऋतूत जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर छाटा आणि नवी पालवी आली की पुन्हा छाटा.