गडचिरोलीचा शोधनिबंध सोलापुरात वाचताना

डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९९९चा निबंध आशाताईंना शिकवणाऱ्यांनी मुळातून वाचावा असा आहे. ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. खरा ऐवज पुढे आहे: गावातली जेमतेम शिकलेली बाई जंतुदोष ओळखते आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन टोचते.

उणीव एकच, पण मोठी. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत आणि सेवा एकत्र दिल्या, त्यामुळे नेमका गुण कशाचा ते सुटं काढता येत नाही.

आता बाळंतपण दवाखान्यात, म्हणून आशाच्या भेटी सहा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळंतीण अक्कलकोटहून माहेरी बार्शीला गेली की मधल्या भेटी हुकतात; दोन्हीकडच्या आशांनी फोनवर तारखा वाटून घ्याव्यात.

वजन करताना रिकामी झोळी काट्याला अडकवून मगच शून्य जुळवा, नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं आणि अडीच किलोच्या आतलं बाळ निसटतं. सोलापूरच्या मे महिन्यात चादरीत गुंडाळलेल्या बाळाच्या काखेत ३७.५ अंशांच्या वर पारा दिसला, तर आधी कपडे कमी करून पुन्हा मोजा. तरी उतरला नाही, किंवा बाळ दूध ओढेना, तर लगेच दवाखाना. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं चालत नाही.