फेवर ल्यूबा ट्विन पॉवर, सात महिन्यांनंतर (आणि त्या चारच्या रेषेबद्दल)

गेल्या महिन्यात सोमवारी सकाळी मीटिंगला गेलो तर खोलीत काळं कुत्रं नाही. मनात म्हटलं, बघा, या लोकांना वेळेची किंमतच नाही. पाच मिनिटं बसलो, दहा मिनिटं बसलो, मग मोबाईल काढला तेव्हा कळलं की मीच अठरा मिनिटं आधी येऊन बसलोय. आदल्या रात्री झोपताना टाइम लावला होता. म्हणजे एका रात्रीत घड्याळ अठरा मिनिटं पुढे! आधीचे सहा महिने हेच घड्याळ दिवसाला फार तर अर्धा मिनिट पुढे जायचं, आणि मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरायचो.

तर हा त्याचा रिव्ह्यू. १७ ज्वेल्स (आत चाकं फिरतात तिथे बसवलेले बारीक खडे), हाताने चावी द्यायचं, स्टीलची केस वगैरे माहिती सगळीकडे आहे, ती परत लिहीत नाही. मुंबईतल्या एका जुन्या मालाच्या दुकानातून घेतलं, साडेनऊ हजार सांगितले होते, अर्धा तास घासाघीस करून सात हजार दोनशेला आणलं. साठच्या दशकातलं अस्सल स्विस घड्याळ या पैशात, शिवाय डायल असं मोरपंखी की नजर हटत नाही. दुकानदार म्हणाला, साहेब असं डायल परत मिळणार नाही. खरं बोलला बिचारा, फक्त कुठल्या अर्थाने ते मला सहा महिन्यांनी कळलं.

आधी सर्व्हिसचं रामायण. पहिल्यांदा गेलो एका चकाचक दुकानात, काचेचे काउंटर, एसी, पाणी विचारलं. तिथल्या मुलाने मागचं झाकण उघडलं, दोन मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, स्प्रिंग गेलीये सर, फुल सर्व्हिस लागेल, चार हजार आठशे, दीड महिना. वर ऑफर, की त्यातच डायल नवीन टाकून देतो, एकदम शोरूम पीस होईल. मी म्हटलं डायलला काय झालंय, ते तर चांगलंच आहे. तो नुसता हसला. तेव्हा त्या हसण्याचा अर्थ कळला नाही. मी घड्याळ परत मागितलं तर तीनशे रुपये तपासणी चार्ज! झाकण उघडायचे तीनशे? तिथे मी वीस मिनिटं भांडलो, दीडशेवर आणलं, आणि ते दीडशे अजूनही डोक्यात आहेत.

मग एका मित्राने पेठेतल्या एका काकांकडे पाठवलं. जिन्याखालची जागा, फार तर तीन बाय चार फूट, एक टेबल, एक दिवा, भिंतीवर बंद पडलेली बारा-पंधरा घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. काकांनी झाकण उघडलंच नाही. ड्रॉवरमधून एक होकायंत्र काढलं, शाळेत असायचं तसलं, आणि माझं घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई गर्रकन फिरली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "रात्री कुठे ठेवता हो हे?"

आता काय सांगणार. उशाशी छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे, वरचा भाग सपाट आहे, त्यावर ठेवतो रोज. म्हणजे गेल्या महिन्यापासून, कारण स्पीकर तेव्हाच घेतला.

"म्हणजे लोहचुंबकावर झोपवता रोज," काका म्हणाले. चुंबकत्व उतरवायची एक निळी प्लॅस्टिकची डबी काढली, वर घड्याळ ठेवलं, बटण दाबलं, घड्याळ हळूहळू वर उचलत लांब नेलं. संपलं. दहा सेकंदसुद्धा नाही लागली. आत एक केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिला हेअरस्प्रिंगच म्हणतात, तिच्या श्वासावर सगळं घड्याळ चालतं. चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळाची गती ठरवणारं बॅलन्स चक्र भराभर हलायला लागतं. घड्याळ पुढे पळतं ते म्हणून. तेव्हा जुनं घड्याळ अचानक दिवसाला दहा-वीस मिनिटं पुढे जायला लागलं तर कुणी फुल सर्व्हिस म्हणायच्या आत आधी एक होकायंत्र शोधा. पैसे विचारले तर पन्नास. म्हणजे पन्नासचं काम चार हजार आठशेला चाललं होतं. आणि दोष ना घड्याळाचा ना स्विस लोकांचा, माझ्या स्पीकरचा.

इथवर सगळं छान. आनंदात उठणार तेवढ्यात काकांनी भिंग डोळ्याला लावलं, डायल दिव्याखाली तिरकं धरलं आणि म्हणाले, "मशीन उत्तम आहे हो. डायल मात्र आपल्या मुंबईचं आहे."

मला आधी कळेचना. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. चारच्या समोर बघा म्हणाले. तासाची जी पट्टी आहे, धातूची, चिकटवलेली, ती बरोबर आहे. पण तिच्या टोकाशी मिनिटाची जी छापलेली रेषा असते ती पट्टीच्या मधोमध यायला हवी, ती थोडी उजवीकडे आहे. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल. सहाच्या खाली 'स्विस मेड' असतं ते डायलच्या अगदी काठाला हवं, इथे ते वर सरकलंय, आणि त्यातला दुसरा एस दमून किंचित आडवा झालाय. म्हणजे कोणीतरी जुना थर काढला, नवा रंग फवारला आणि वर छाप मारला. परदेशातले कलेक्टर अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात हे मी नंतर वाचलं, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून मला घड्याळात वेळ दिसेना, चारची रेषाच दिसायला लागली. सिग्नलला उभा असलो की चारची रेषा. जेवताना चारची रेषा. बायकोला दाखवली तर ती म्हणे कुठे आहे? मी भिंग आणलं (हो, भिंग विकत आणलं, दोनशे वीस रुपये), तरी तिला दिसेना. "दिसली तरी काय फरक पडतो, रंग बघ ना, पैठणीचा रंग आहे, हा कुठल्या स्विस माणसाला सुचणारे?" हा मुद्दा तेव्हा मी हाणून पाडला, पण तो डोक्यात राहिला.

राग का आला ते सांगतो. जुन्या घड्याळांच्या बाजारात डायल म्हणजे निम्म्याहून जास्त किंमत. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याची रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलरहून जास्तीला गेली. ती त्याची स्वतःची होती म्हणून एवढी गेली हे खरं, पण त्याच्या नावाने ओळखलं जाणारं ते वेगळं डायल ज्या डेटोनात असतं ती आतलं मशीन तेच असूनही साध्या डायलवालीच्या कितीतरी पट महाग जाते. लोक डाग पडलेलं, पिवळं झालेलं डायल जास्त पैसे देऊन घेतात कारण त्याला कुणी हात लावलेला नसतो. आणि मी अर्धा तास घासाघीस करून रंगवलेलं घेऊन आलो.

पण मग दोन-तीन रविवार मी याच विषयात घातले, आणि मत बदललं. पूर्ण नाही, पण बदललं.

पहिली गोष्ट, आपण ज्याला स्विस घड्याळ म्हणतो ते एका छताखाली, एका माणसाच्या हातून कधीच होत नव्हतं. जिनिव्हात सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या धर्मसुधारकांनी दागिन्यांवर बंधनं आणली, तिथले सोनार मग घड्याळांकडे वळले, १६०१ मध्ये घड्याळजींचा संघ उभा राहिला. आणि डोंगरात, ज्युराच्या बाजूला, हिवाळ्यात बर्फ पडलं की शेतकऱ्यांना काम नसायचं, मग कुणी घरी बसून चाकं कापायचा, कुणी काटे करायचा, कुणी केस, आणि ज्याचं नाव डायलवर यायचं तो हे सगळं गोळा करून जोडायचा. ल लोक्ल आणि ला शो-द-फों ही दोन गावं तर या धंद्याभोवतीच आखली गेली, कामाच्या टेबलावर उजेड यावा म्हणून रांगेत घरं आणि मोठ्या खिडक्या. २००९ पासून दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आपली फेवर ल्यूबा मूळची याच ल लोक्लची, १७३७ पासूनचं नाव. डायलवर 'जिनिव्ह' लिहिलेलं असतं ते नंतरचं. डायल करणं हा तर पूर्ण वेगळा धंदा होता. कंपन्या डायल बाहेरून घ्यायच्या. पाटेक फिलिप या नामवंत स्विस घड्याळ कंपनीला डायल पुरवणारे स्टर्न बंधू होते, १९३२ मध्ये मंदीत कंपनी अडचणीत आली तेव्हा त्यांनी अख्खी पाटेकच विकत घेतली, आजही ती त्यांच्याच घराण्याकडे आहे. डायलवाले मालक झाले! हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

दुसरी गोष्ट, फेवर ल्यूबा आणि मुंबई हे नातं काही कालचं नाही. १८६५ च्या सुमाराला त्यांच्या घराण्यातला फ्रिट्झ फेवर इकडे धंद्यासाठी आला, आणि पुढे हे नाव आपल्याकडे इतकं मुरलं की त्याचा फ्रेंच उच्चार कुणाला ठाऊक नाही आणि हवाही नाही. सासरे अजून सांगतात, आमच्या वेळी जावयाला फेवर ल्यूबा दिलं की मांडवात चर्चा व्हायची. त्यांना स्वतःला सासऱ्यांनी एचएमटी दिलं होतं, आणि पन्नास वर्षांनंतरही ते वाक्य इथेच थांबतं, पुढे बोलत नाहीत. आयातीवर बंधनं आली तेव्हा नवीन स्विस घड्याळ मिळणं मुश्किल झालं, मग जे आहे तेच दुरुस्त करत राहायचं. मुंबईची दमट हवा, पावसाळा, डायलवर काळे ठिपके. गिऱ्हाईक म्हणणार चमकलं पाहिजे. मग रंगवणारे तयार झाले. फसवण्यासाठी नव्हे, घड्याळ वापरात राहावं म्हणून. आता तेच घड्याळ 'ओरिजिनल' म्हणून विकणं ही फसवणूक, ती त्या दुकानदाराची, रंगवणाऱ्याची नाही.

मग प्रश्न आला की डायल रंगवलेलं तर त्यावर 'ट्विन पॉवर' लिहिलंय ते तरी खरं कशावरून? छाप मारणारा काय, काहीही मारेल. या ट्विन पॉवरचंच तर मला आकर्षण होतं. साध्या घड्याळात मुख्य स्प्रिंगची डबी एक असते. यात दोन. १९६२ च्या सुमाराला फेवर ल्यूबाने हे मशीन काढलं, जाडी तीन मिलिमीटरहून कमी, तरी आत दोन डब्या बसवल्या. फायदा असा की एकाच ताठ स्प्रिंगने सुरुवातीला जोरात ढकलून शेवटी ढेपाळण्यापेक्षा दोन स्प्रिंगा मिळून हळू आणि सारखा जोर देतात, आणि चालतंही जास्त वेळ, पन्नास तासांच्या वर. साधं चावीचं घड्याळ दीड दिवसात मान टाकतं.

काकांना झाकण उघडायला सांगता आलं असतं, पण परत पन्नास कशाला. मी शनिवारी सकाळी आठ वाजता किल्ली अडेपर्यंत चावी दिली, घड्याळ कपाटात ठेवलं, स्पीकर दुसऱ्या खोलीत. रविवारी रात्री झोपताना बघितलं, चालू. सोमवारी सकाळी उठल्या उठल्या कानाला लावलं, टकटक चालू, सेकंदाला पाच ठोके, अजिबात दम नाही लागलेला. ऑफिसला जायचं होतं म्हणून बायकोला ड्यूटी दिली, तिचं त्या दिवशी घरून काम होतं. पावणेबाराला तिचा मेसेज: "मेलं." एवढाच. म्हणजे जवळपास बावन्न तास. साठ वर्षांचं मशीन, कोणकोणत्या हातांतून गेलेलं, आणि कंपनीने सांगितलेलं अजून पाळतंय. तेव्हा डायलवाल्याने निदान तेवढं तरी खरं लिहिलं होतं, उलट नीट जपून लिहिलं होतं, कारण मूळ डायलवरचे शब्द त्याने सगळे ठेवले, फक्त एक एस आडवा पडला.

बाकी किरकोळ. काच अ‍ॅक्रिलिकची आहे, दाराच्या कडीला लागून मोठा चरा पडला होता, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने जुन्या बनियनच्या कापडावर पंधरा मिनिटं घासली, गेला. हे मिनरल काचेवर (म्हणजे खऱ्या काचेवर) करू नका, उगाच मला शिव्या द्याल. पाण्यापासून लांब, हात धुतानाही मी काढून ठेवतो, पावसाळ्यात तर बॅगेत. रोज सकाळी चहा गॅसवर चढला की चावी, ही सवय लागलीये, आणि चावी पूर्ण भरत आली की किल्ली बोटाला जो अडथळा देते तो आता ओळखीचा झालाय, त्यापुढे एक फेरासुद्धा जबरदस्ती करायची नाही. काकांचा दम आहे. पट्टा बदलला, जुना घामट होता, साडेतीनशे.

गेल्या आठवड्यात परत काकांकडे गेलो होतो, वेळ बघून घ्यायला. वेळ तपासायच्या मशीनवर ठेवलं, दिवसाला पंचवीस सेकंद पुढे. चालेल म्हणाले, या वयाला तुमचा गुडघा याहून जास्त बोलेल. मग स्वतःच म्हणाले, एक जुनं मूळ डायल आहे माझ्याकडे, याच घड्याळाचं, बसवून देऊ? काढून दाखवलं. राखाडी, साधं, नऊच्या बाजूला तपकिरी डाग. चारची रेषा पट्टीच्या मधोमध. मी भिंगातून बराच वेळ बघत बसलो. किती म्हटलं. साडेतीन हजार, बसवून.

साडेतीन हजार. घड्याळाच्या निम्मे. मी भिंग परत दिलं आणि म्हटलं, काका, ते मोरपंखीच राहू द्या. स्पीकर आता हॉलमध्ये असतो.