पूर्ण बंद धमनी तारेने उघडण्याची सेवा : जळगावातील एका रुग्णालयाचा अनुभव

अमळनेर तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या वडिलांची, नानांची, हृदयाची उजवी धमनी 100 टक्के बंद असल्याचे अँजिओग्राफीत दिसले, तेव्हा नातेवाइकांनी बायपास ठरवूनच टाकली होती. आम्ही मात्र जळगावच्या एका खासगी रुग्णालयात ती धमनी तारेने उघडून घेतली. पुढे बिलाची तक्रार असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही.

या रुग्णालयाची खरी जमेची बाजू म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या भेटीत दिलेला वेळ. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण बंद असलेल्या धमनीत अडथळा घट्ट होतो, कधी त्यात कॅल्शियमही साचते, आणि 90 टक्के अडथळ्यात तारेला जी फट सापडते ती येथे नसतेच, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. शेजारच्या धमनीतून आलेल्या बारीक फाट्यांमुळे त्या बंद धमनीवर अवलंबून असलेला हृदयाचा स्नायू जिवंत होता, हे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसले होते. छातीतले दुखणे आणि धाप कमी व्हावी यासाठी हे करायचे. आयुष्य वाढते असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले. म्हणून आधी गोळ्या वाढवून पाहिल्या, आणि तरीही नानांना विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबावे लागत होते, तेव्हाच तारीख ठरली.

मनगट आणि मांडी अशा दोन्ही ठिकाणांहून नळ्या घालून दोन्ही बाजूंच्या धमन्यांत एकाच वेळी डाय (एक्स-रेवर धमनी दाखवणारे द्रव्य) सोडला, म्हणजे अडथळ्याची दोन्ही टोके पडद्यावर दिसतात. समोरून घातलेल्या दोन तारा अडल्या; मग डाव्या धमनीच्या फाट्यातून मागच्या बाजूने तार नेली आणि ती पलीकडे निघाली. ही तार 0.014 इंच जाडीची असते. डायचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन थोडे वाढलेले असल्याने आदल्या रात्रीपासून सलाइन चालू होते व डाय किती वापरायचा ते आधीच ठरले होते. पावणेतीन तास लागले, दोन स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या) बसले.

बिल मात्र अंदाजपत्रकापेक्षा बरेच जास्त आले. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने कमाल किंमत ठरवली ती स्टेंटची. वापरलेली प्रत्येक तार व मायक्रोकॅथेटर (तारेला आधार देणारी बारीक नळी) त्यात येत नाहीत, आणि अशा कामात तेच अधिक लागतात. हे माहीत असलेल्या रुग्णालयाने अंदाजपत्रकात तसे लिहायला हवे होते. नाना टेबलावर असताना खिडकीवर बोलावून आणखी पैसे भरायला सांगणे तर मुळीच शोभले नाही.

महिन्याने नाना न थांबता विहिरीपर्यंत जाऊन आले आणि "आते बरं शे" म्हणाले. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, ही सर्वांत महत्त्वाची सूचना डिस्चार्ज कार्डावर फक्त इंग्रजीत होती. ती मी मराठीत लिहून त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.